जुनं मोबाइल होम घेताय? प्लंबिंग तपासताना या चुका टाळा

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे, सनीव्हेल या भागात घरांच्या किमती ऐकून हबकलेली बरीच मराठी कुटुंबं आता मोबाइल होम पार्ककडे, म्हणजे कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या घरांच्या वसाहतींकडे वळतात. कुणाला ग्रीन कार्डवर आलेल्या आई-बाबांसाठी ५५ वर्षांपुढच्यांच्या पार्कमध्ये घर हवं असतं, कुणाला भाडं भरत बसण्यापेक्षा लहान का होईना, स्वतःचं घर हवं असतं. मिशिगन, टेक्सास, फ्लोरिडातही हाच विचार चालू असतो. घर आतून रंगवलेलं असतं, किचनमध्ये नवा नळ चमकत असतो आणि किंमत आवाक्यात असते. अशा वेळी प्लंबिंगकडे नीट बघायचं राहून जातं, नाहीतर एक गळका नळ दिसला म्हणून चांगलं घर हातचं सोडलं जातं.

माझं मत स्पष्ट आहे. या घरांमध्ये पाइप बदलणं हे त्यातल्या त्यात सोपं काम आहे. महाग पडतं ते पाण्याने कुजवलेलं फ्लोअर आणि घराखालचा भाग. त्यामुळे सौदा ठरवताना ‘गळतंय का?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘किती दिवस गळत होतं आणि ते पाणी कुठे गेलं?’ हे शोधावं लागतं.

चूक: आपल्याकडच्या घरासारखं समजून तपासणं

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये पाइप गळला की खालच्या मजल्यावरचे शेजारी दार वाजवतात. मोबाइल होमला खालचा शेजारी नाही. पाण्याचे पाइप फ्लोअरच्या खाली, इन्सुलेशनमधून जातात आणि त्या सगळ्याला खालून जाड काळ्या शीटचं आवरण असतं. त्याला इथे ‘बेली’ म्हणतात. गळणारं पाणी या बेलीत साठतं, इन्सुलेशन भिजतं आणि फ्लोअर खालून ओलं राहतं. आत राहणाऱ्याला बराच काळ कळतही नाही.

त्यात जुन्या घरांचं फ्लोअर बहुतेक वेळा पार्टिकल बोर्डचं असतं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून बनवलेलं. प्लायवूड भिजून वाळलं तर पुष्कळदा टिकतं. पार्टिकल बोर्ड एकदा फुगलं की त्याचा भुगा होतो.

म्हणून घरात शिरल्यावर बूट काढा आणि पायाने तपासा. टॉयलेटच्या चारी बाजू, टबच्या कडेची पट्टी, किचन सिंकसमोरची जागा, वॉशरची जागा आणि वॉटर हीटरचं कपाट इथे टाचेवर वजन द्या. पाय दबतो का, फ्लोअर लवतं का, नव्या व्हिनाइलखाली उंचवटा लागतो का, ते बघा. बाकी घर जुनं आणि फक्त बाथरूममध्ये कोरं व्हिनाइल असेल, तर ते का बदललं हे विचारायलाच हवं.

मग बाहेर जा. स्कर्टिंगमधलं, म्हणजे घराखालची मोकळी जागा झाकणाऱ्या भोवतालच्या पडद्यातलं छोटं दार उघडून टॉर्चने खाली बघा. बेली कुठे पोटासारखी लोंबत असेल तर तिथे पाणी किंवा भिजलेलं इन्सुलेशन असण्याची शक्यता मोठी. फाटकी बेली, टेपची ठिगळं, मातीवर ओले डाग किंवा लोंबणारा ड्रेन पाइप यांचे फोटो काढा. स्वतः आत सरपटत जाऊ नका. ओल आणि विजेच्या वायरी तिथे एकत्र असू शकतात. हे काम मोबाइल होमचा अनुभव असलेल्या प्लंबरचं. साधा होम इन्स्पेक्टर बेलीच्या आत बघेलच असं नाही, त्यामुळे ‘तुम्ही घराखाली जाणार का?’ हे पैसे देण्याआधी विचारा.

चूक: पाणी बंद असताना घर बघून घेणं

रिकामं घर दाखवताना ‘पाणी सध्या बंद आहे, पण सगळं चालतं’ असं सांगितलं जातं. यावर विश्वास ठेवून सही करू नका. पाणी सुरू करून द्या, ही अट ऑफरमध्येच घाला.

पाणी आलं की टब आणि दोन्ही सिंक भरून घ्या, मग सगळे एकदम सोडा आणि त्याच वेळी टॉयलेट फ्लश करा. एकेक नळ उघडून जे लपतं ते इथे उघडं पडतं. नंतर सगळं बंद करून वॉटर मीटर बघा. काहीही चालू नसताना काटा फिरत असेल तर कुठेतरी गळती आहे. काही पार्कमध्ये घरागणिक मीटर नसतो. तिथे बागेच्या नळाला लावायचा प्रेशर गेज हार्डवेअरच्या दुकानातून आणा. तो नळ मुख्य व्हॉल्व्हच्या पुढे, घराच्या बाजूला आहे याची खात्री करा, मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि पंधरा मिनिटं काटा बघा. तो सरळ खाली येत गेला तर पाणी कुठून तरी निसटतंय. तेवढ्यात मूळ प्रेशरही कळतं. ते ८० पीएसआयच्या (गेजवरचं प्रेशरचं एकक) वर असेल तर प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह लागेल. जुन्या जोडांवर एवढा ताण चांगला नाही.

चूक: राखाडी पाइप दिसला की पळ काढणं, किंवा अजिबात न बघणं

१९७८ ते १९९५ या काळात अमेरिकेत पॉलिब्युटिलीन नावाचा प्लास्टिक पाइप भरपूर वापरला गेला आणि मोबाइल होममध्ये तो सर्रास सापडतो. तो बहुधा राखाडी आणि लवचिक असतो. पाण्यातल्या क्लोरीनमुळे पाइप आणि त्याचे प्लास्टिकचे जोड आतून ठिसूळ होतात. बाहेरून धड दिसणारा पाइप एक दिवस अचानक फुटतो. या पाइपवरून मोठे खटले झाले, १९९५ मध्ये भरपाईची तडजोडही झाली, पण दावे करण्याची मुदत कधीच संपली आहे. आता खर्च तुमचाच.

रंगावर मात्र निर्णय देऊ नका. काही पेक्स (दुसऱ्या प्रकारच्या प्लास्टिकचे) पाइपही राखाडी असतात आणि पेक्स आजही नव्या घरांत वापरतात. वॉटर हीटरपाशी किंवा सिंकखाली पाइपवर छापलेली अक्षरं वाचा. ‘पीबी’ने सुरू होणारा क्रमांक असेल तर तो पॉलिब्युटिलीन.

आणि समजा निघालाच, तरी घर बाद होत नाही. सिंगल वाइडचं, म्हणजे एकाच भागात बनलेल्या अरुंद मोबाइल होमचं सगळं पाइपिंग पेक्समध्ये बदलायला साधारण काही हजार डॉलर लागतात. फ्लोअर कोरडं आणि घट्ट असेल, तर लेखी कोटेशन घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागा. ऑफर देण्याआधी विमा कंपनीला मात्र जरूर फोन करा, कारण हा पाइप असलेल्या घराचा विमा काही कंपन्या नाकारतात.

चूक: लक्षणं एकमेकांत मिसळणं

एकाच नळाला धार कमी असेल तर बहुतेक वेळा टोकाच्या जाळीत कचरा असतो. फक्त गरम पाणी सगळीकडे कमी येत असेल तर वॉटर हीटर तपासा, त्यात गाळ साठलेला असू शकतो. गरम-थंड दोन्ही मंद असेल तर अर्धवट बंद व्हॉल्व्ह, नाहीतर आतून गंजलेले जुने लोखंडी पाइप.

एका सिंकचं पाणी जाताना गुडगुड आवाज येत असेल तर सिंकखालचा छोटा हवेचा व्हॉल्व्ह अडकला असेल. तो स्वस्त आहे आणि हाताने फिरवून बदलता येतो. सगळ्या घराचं पाणी हळू जात असेल तर गोष्ट गंभीर. ड्रेनला फुटामागे साधारण पाव इंच उतार लागतो. घर एका बाजूला खचलं की हा उतार जातो. तिथे प्लंबरच्या आधी घर लेव्हल करणारा माणूस लागेल, नाहीतर चोकअप काढत राहाल.

रिकाम्या घरात ड्रेनचा वास आला तर घाबरू नका. ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या पाइपमधलं पाणी सुकलेलं असतं. सगळीकडे पाणी ओता आणि तासाभराने परत या. वास टिकून असेल किंवा स्कर्टिंगपाशी जास्त येत असेल, तर ड्रेन घराखाली तुटलेला असू शकतो.

चूक: नेहमीच्या घराच्या भावाने अंदाज बांधणं

मोबाइल होमचा टब पुष्कळदा ५४ इंच लांब आणि २७ इंच रुंद असतो. दुकानातला नेहमीचा टब ६० इंची. तो बसत नाही, वेगळा मागवावा लागतो. वॉटर हीटरवरही तो मॅन्युफॅक्चर्ड होमसाठी (मोबाइल होमचंच अधिकृत नाव) चालतो असं लिहिलेलं असायला हवं. मागच्या मालकाने साधा हीटर कोंबलेला असेल तर तो बदलायचा खर्च धरा. कितीतरी जुन्या घरांत सिंक-टॉयलेटखाली स्वतंत्र व्हॉल्व्हच नसतात. ते काम लहान आहे, पण लवकर करून घ्या.

मिशिगन, मिनेसोटासारख्या थंड राज्यांत जमिनीतून घरात शिरणाऱ्या पाइपवर गुंडाळलेली हीट टेप, म्हणजे पाइप गोठू नये म्हणून लावलेली विजेवर गरम होणारी पट्टी बघा. जुनी, चिरलेली, स्वतःवरच पुन्हा गुंडाळलेली टेप आग लावू शकते. तिथे घासाघीस नको, ती बदलायचीच.

मग घ्यायचं की सोडायचं?

बाहेर मागच्या बाजूला लाल धातूची पट्टी आहे का बघा. १५ जून १९७६ पासूनच्या, केंद्रीय नियमांप्रमाणे बांधलेल्या घरांवर ती असते. त्याआधीच्या घराला कर्ज आणि विमा मिळणं अवघड असतं. तिथे प्लंबिंगचीही मोठी दुरुस्ती निघाली, तर मी ते घर सोडेन.

नंतरचं घर, कोरडं फ्लोअर, सरळ बेली, पण पाइप जुने असतील तर घासाघीस करून घ्या. टॉयलेटभोवतीच फ्लोअर मऊ असेल तर ते उघडून कोटेशन घेतल्यावर ठरवा. तीन-चार ठिकाणी फ्लोअर दबतंय, बेली लोंबतेय आणि घर तिरकं झालंय, असं एकत्र दिसलं तर स्वस्त किमतीला भुलू नका. उघडत गेल्यावर खर्चाचा अंदाज कुणालाच देता येत नाही, प्रामाणिक कंत्राटदारालाही नाही.

सही करण्याआधी पार्कच्या ऑफिसला ईमेल पाठवून तीन गोष्टी लेखी घ्या. पाणी आणि सीवरची लाइन नेमकी कुठपर्यंत पार्कच्या जबाबदारीत आहे, या प्लॉटवर आधी चोकअपच्या तक्रारी होत्या का, आणि घराखाली काम करायला पार्कची परवानगी लागते का. सेप्टिक असेल तर टाकी शेवटची कधी उपसली याची पावतीही मागा.