राफाएलच्या कास्तिल्योनेची नक्कल करताय? या चुका टाळा

माझी पहिली नक्कल पाहून आईने विचारलं, "ह्याला कावीळ झालीय का रे?"

चित्र इटालियन चित्रकार राफाएलचं, तैलरंगातलं. त्याचा मित्र, लेखक आणि मुत्सद्दी बाल्दासारे कास्तिल्योनेचं व्यक्तिचित्र, १५१४-१५ च्या सुमाराचं, आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात. मी एका पिवळट प्रिंटवरून रंग जुळवत बसलो होतो. जुन्या चित्रांवरचं व्हार्निश, म्हणजे वरचा संरक्षक पारदर्शक लेप, आधीच पिवळं पडलेलं असतं, त्यात छपाईची भर. संग्रहालयाने दिलेली मोठी प्रतिमा घ्या आणि स्क्रीनचा नाइट मोड बंद करा. हसू नका, त्यातही माझे दोन दिवस गेलेत.

रंगाच्या आधीची चूक म्हणजे डोळ्यांपासून सुरुवात. कास्तिल्योनेचे निळे डोळे नजर धरून ठेवतात, आपण पापण्या काढत बसतो आणि तिसऱ्या दिवशी कळतं, डोळा अर्धा बोट वर सरकलाय. आधी टोपी, चेहरा, खांदे यांचे ढोबळ आकार बसवा. डच चित्रकार रेम्ब्रांटने १६३९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या लिलावात हेच चित्र पाहून भराभर एक रेखाटन केलं. ते जरूर बघा. आकार जुळवायला प्रिंटवर आणि कॅनव्हासवर चौकटी आखल्या तरी काम अधूनमधून आरशात पाहा. वाकडेपणा तिथे लगेच दिसतो.

चेहरा खडूसारखा दिसतोय? मग टायटॅनियम व्हाइट हा आजचा पांढरा रंग सगळीकडे गेलाय. राफाएलकडे तो नव्हताच, त्याच्याकडे शिशाचा पांढरा होता. तो विषारी, म्हणून आपण टायटॅनियम वापरायचा. पण तो फार जोरकस आहे, चिमूटभरच घ्या. एक करून बघा: कोऱ्या कागदाला बारीक भोक पाडा आणि ते प्रिंटमधल्या डोळ्याच्या पांढऱ्यावर धरा. भोकातून राखाडी-तपकिरी दिसेल. तिथे ट्यूबमधला पांढरा लावला की माणूस दचकल्यासारखा दिसतो. सावल्या गडद करायला काळा मिसळू नका, त्वचा मळकट होते. सावली बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाने पातळ ठेवा, उजेडाकडे रंग जाड होऊ द्या.

या चित्राची खरी परीक्षा मात्र कपड्यांत आहे. टोपी, अंगरखा आणि फरच्या करड्या बाह्या: नुसते काळे-करडे, पण प्रत्येकाचा उबदारपणा निराळा. सगळीकडे ट्यूबमधला काळा, आयव्हरी ब्लॅक, फासला की कॅनव्हासला भोक पडल्यासारखं वाटतं. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन हा गडद निळा मिसळून काळा करा. कुठे निळसर, कुठे तपकिरी झुकवता येतो. शिवाय आयव्हरी ब्लॅक फार सावकाश वाळतो. तो ओला असताना वर लवकर वाळणारा अंबर आला तर पुढे भेगा ठरलेल्या.

खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त, हे सगळ्यांना पाठ असतं, घाईत मोडतंही. पावसाळ्यात तर बोटाला लागत नाही म्हणजे थर वाळला असं धरू नका. रंग एखाद्या जागी निस्तेज, कोरडा दिसला तर तेल खाली शोषलं गेलंय. वर नवा रंग चढवू नका. वाळल्यावर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून जास्तीचं पुसून घ्या. ते तेलकट बोळे कोपऱ्यात गोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात. पाण्याच्या डब्यात टाका.

आणि आकार. मूळ चित्र ८२ बाय ६७ सेंटीमीटर आहे. लूव्रमध्ये परवानगी घेऊन बसणाऱ्या नक्कलकारांनाही मूळ आकार घेता येत नाही. तुम्हीही थोडा लहान कॅनव्हास घ्या आणि मागे स्वतःच्या नावाखाली लिहा, 'राफाएलवरून'.