दुधाविना कच्चं चॉकलेट घरी करताना

बाजारातल्या मिल्क चॉकलेटमध्ये वजनाच्या जवळपास निम्मी साखरच असते. घरच्या कच्च्या चॉकलेटचा खरा फायदा हा, की साखर किती घालायची ते आपण ठरवतो, आणि दूधपावडर किंवा वनस्पती तूप त्यात पडतच नाही. कच्चं म्हणजे न भाजलेल्या कोको बियांचं, आणि करतानाही साधारण ४५ अंश सेल्सियसच्या वर न तापवलेलं. बिया आंबवताना ढीग आपोआपच ४५ ते ५० अंशांपर्यंत तापतो, तेव्हा एकदोन अंशांसाठी हटून बसण्यात अर्थ नाही.

सुमारे १४५ ग्रॅम चॉकलेटसाठी कोको बटर (कोको बियांतला स्निग्धांश) ६० ग्रॅम, न भाजलेल्या बियांची कोको पावडर ५० ग्रॅम, बारीक दळलेली साखर ३५ ग्रॅम, चिमूटभर मीठ आणि पाव चमचा वेलदोड्याची पूड घ्या. वाटीचमच्याने मोजू नका, वजनकाटा वापरा. कोको पावडर दाबून भरली की सैल, यावर वाटीत मोठा फरक पडतो.

कोको बटर साबण आणि क्रीमसाठीही विकतात, म्हणून पाकिटावर ते खाण्यायोग्य असल्याचं लिहिलेलं हवं. पावडर घेताना घटकांत ५०० किंवा ५०१ हे आकडे दिसले, तर ती अल्कलीची, म्हणजे आंबटपणा मारणाऱ्या क्षाराची, प्रक्रिया केलेली आहे. तिचा रंग गडद आणि चव सौम्य असते, पण कोकोतले फ्लॅव्हनॉल्स (अँटिऑक्सिडंट घटक) त्या प्रक्रियेत बरेच घटतात. फिकट, तांबूस, चवीला किंचित आंबट अशी पावडर आपल्या कामाची.

गोडव्यासाठी मध, काकवी, खजुराचा गर यांतलं काहीही चालत नाही. वितळलेल्या चॉकलेटमध्ये चमचाभर पाणी गेलं तरी साखर आणि कोकोचे कण त्याला चिकटून सगळ्याचा घट्ट, रवाळ गोळा होतो. गुळाची पावडरही हवेतलं पाणी ओढते. खडीसाखर दळून घ्या, किंवा बी काढलेली खारीक उन्हात कडक वाळवून, दळून, मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळून घ्या. खारीक विरघळत नाही, त्यामुळे थोडी खरखर राहणारच. अगदी रेशमी पोत हवा असेल तर दगडी ग्राइंडर लागतो. कोइम्बतूरकडे बनणारे टेबलटॉप वेट ग्राइंडर जगभरचे छोटे चॉकलेटवाले याच कामासाठी वापरतात. मात्र तासन्‌तास फिरल्यावर घर्षणाने मिश्रण तापतं. कच्चंच ठेवायचं असेल तर अधूनमधून थांबवावं लागतं.

आता कृती. पातेल्यात पाणी ५५ अंशांपर्यंत तापवून गॅस बंद करा. त्यावर कोरडं ठणठणीत स्टीलचं भांडं ठेवा, त्यात किसलेलं कोको बटर घाला. पाणी उकळतं ठेवलं तर वाफ भांड्यात उतरते आणि तिथेच घात होतो. बटर वितळलं की साखर, पावडर, मीठ, वेलदोडा चाळूनच घाला आणि गुठळी राहणार नाही असं ढवळा. मिश्रण ४५ अंशांवर आलं की भांडं उचलून बूड पुसून घ्या.

यापुढचं काम चुकवू नका. कोको बटर सहा प्रकारच्या स्फटिकांत गोठतं. त्यातला पाचवा प्रकारच चमक देतो, कडकन तुटतो आणि साधारण ३४ अंशांवर वितळतो, म्हणून तोंडात विरघळतो. तो मिळवण्यासाठी भांडं गार पाण्यावर धरून, सतत ढवळत मिश्रण २७-२८ अंशांपर्यंत उतरवा, मग पुन्हा कोमट पाण्यावर धरून ३१-३२ अंशांवर आणा. काठीसारखा डिजिटल थर्मामीटर यासाठी घेतलेलाच बरा. तो नसेल तर थेंब खालच्या ओठाला लावा. किंचित गार लागला पाहिजे. सुरीचं टोक बुडवून तीन मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. एकसारखं, चकचकीत गोठलं तर साच्यात ओता. पट्टे किंवा ठिपके दिसले तर पुन्हा ४५ पासून सुरुवात करा. माल वाया जात नाही.

साचा ओट्यावर आपटून बुडबुडे काढा आणि पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. नीट जमलेलं चॉकलेट आकसतं आणि साच्यातून आपणहून सुटतं.

कोको बटर महाग, म्हणून अनेक जण खोबरेल तेल वापरतात. ते २४-२५ अंशांवरच वितळतं, म्हणजे मुंबईत ती वडी फ्रिजबाहेर टिकायची नाही. दोन्ही अर्धं अर्धं घेणं तर त्याहून वाईट, कारण दोन स्निग्धांचे स्फटिक एकमेकांत बसत नाहीत आणि वडी मऊ पडते. काजूची पेस्ट १५ ग्रॅमपर्यंत चालते. दुधाळपणा येतो, पण तुटताना आवाज येत नाही.

काही दिवसांनी वर पांढुरकी झाक आली तर ती बुरशी नव्हे. बोट फिरवल्यावर गुळगुळीत लागली तर स्निग्धांश वर आलाय, खरखरीत लागली तर साखर. साखरेची झाक फ्रिजमधून काढून लगेच डबा उघडल्याने येते; हवेतलं पाणी वडीवर जमतं. डबा खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा.

खाताना हात आवरा. २० ग्रॅमच्या तुकड्यात साखर ५ ग्रॅमच असली, तरी ११५ च्या आसपास कॅलरी आहेत. कोकोत ऑक्झलेट भरपूर असतं, तेव्हा मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं. भाजण्याने बियांवरचे साल्मोनेलासारखे जंतू मरतात, कच्च्यात ती हमी नाही. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी भाजलेल्या बियांची साधी पावडर वापरा. कुत्र्याला तर कुठलंच चॉकलेट देऊ नका, त्यातलं थिओब्रोमिन त्याला विषारी असतं.

जमलेल्या वडीतला २० ग्रॅमचा तुकडा बाजूला ठेवा. पुढच्या खेपेला मिश्रण ३४ अंशांवर आलं की तो बारीक किसून घाला आणि ३१-३२ पर्यंत ढवळत राहा. विरजणासारखं काम करतो तो, २७ पर्यंत उतरवण्याची खटपट वाचते.