गेमच्या डेटाबेसमध्ये होळकर संघ घालताय? या चुका टाळा

इंदुरातल्या मराठी घरांत जुन्या क्रिकेटचा विषय निघाला की होळकर संघ येतोच. घरात गेम खेळणारं पोर असेल तर त्याला तो संघ गेममध्येही हवा असतो: कप्तान सी. के. नायडू, सोबत मुश्ताक अली, नावावर चार रणजी करंडक. हौस रास्त आहे, पण डेटाबेसच्या, म्हणजे संघ-खेळाडूंची माहिती असलेल्या फाइलला कसाही हात लावून चालत नाही.

गरज नसताना फाइल उघडणं ही पहिली चूक. डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४ मध्ये संघ बनवायला क्रिकेट अकादमी आहे, फुटबॉल मॅनेजरला स्वतःचा एडिटर आहे. अशी सोय असेल तर तीच वापरा. नसेल तर गेम पूर्ण बंद करून मूळ फाइलची आणि सेव्ह गेमची प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. त्याच फोल्डरमध्ये नको. काही गेम फोल्डरमधलं दिसेल ते उचलतात.

सगळ्यात डोकं खाणारी तक्रार म्हणजे, “भिया, सेव्ह तो किया था!” एडिटरमध्ये नवी नावं दिसतात, गेममध्ये जुनीच. गेम प्रोग्राम फाइल्समध्ये आणि एडिटर जुना, ३२-बिटचा असेल तर आधी विंडोजवर संशय घ्या. विंडोज त्याला तिथे लिहू देत नाही आणि तसं सांगतही नाही. बदललेली फाइल गुपचूप अ‍ॅपडेटामधल्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरमध्ये जाते. एडिटर ती वाचतो, गेम मूळची. मग लोक वैतागून अँटीव्हायरस बंद करतात, आख्ख्या फोल्डरला सगळ्या परवानग्या देऊन टाकतात. काही गरज नाही. व्हर्च्युअलस्टोअरमधली प्रत काढून टाका, मूळ फाइल डेस्कटॉपवर आणून तिथे बदला आणि परत जागेवर ठेवा. अ‍ॅडमिनची परवानगी लागते ती तेवढ्या एका कॉपीपुरती.

फाइल साध्या एसक्यूलाइट या डेटाबेस प्रकारची असेल तर हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) सुरुवातीलाच तसं रोमन अक्षरांत लिहिलेलं दिसतं. तिच्या शेजारी नावाला ‘-वॉल’ (-wal) जोडलेली फाइल असेल तर तीही कॉपी करा, ताजे बदल तिच्यात असू शकतात. सुरुवातीला नुसता कचरा दिसला तर फाइल बहुधा कॉम्प्रेस किंवा एनक्रिप्ट केलेली आहे. तिथे बाइट कुरतडत बसू नका. चेकसम, म्हणजे फाइल बदलली का ते तपासणारा आकडा, चुकला तर गेम कदाचित उघडणारच नाही. मॉडसाठी (गेममधल्या अशा बदलांसाठी) अधिकृत वाट आहे का ते बघा. सिव्हिलायझेशन ५ मध्ये तर कॅश फोल्डरमधला डेटाबेस बदलणं म्हणजे फुकटची मेहनत, गेम सुरू होताना तो नव्याने बनवतो.

आता आकडे. १९४६-४७च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याच्या गुल महंमद (३१९) आणि विजय हजारे (२८८) यांनी होळकरांविरुद्ध ५७७ धावांची भागीदारी केली. आपल्याच गोलंदाजांची ती धुलाई हाताने टाइप करायची म्हणजे जिवावर येतं, पण समोर बडोदा हवाच. सर्वोच्च धावसंख्येचा रकाना एका बाइटचा असेल तर त्यात २५५ च्या वर काही मावत नाही. साध्या एडिटरने तरीही ३१९ लिहू दिले तर गेममध्ये दिसतील ६३, आणि हजारेंचे २८८ होतील ३२! म्हणून आधी त्या रकान्यात मूळ गेममधला सगळ्यात मोठा आकडा कोणता आहे ते पाहा. हेक्समध्ये नाव बदलताना लांबी वाढवू नका. देवनागरी नावांचा मोहही आवरा. गेमच्या फॉन्टमध्ये अक्षरंच नसली तर नुसते चौकोन दिसतील.

तक्ता एक्सेलमधून फिरवून आणणार असाल तर सगळे रकाने आधी ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर आयडीचे (खेळाडूच्या ओळख क्रमांकाचे) सुरुवातीचे शून्य उडतात आणि ‘५-१०’ ची तारीख होते.

खेळाडूची ओळ डिलीट करू नका, तिच्यावरच नवं नाव घाला. आयडी संघाच्या यादीत तसाच राहिला आणि खेळाडू गायब झाला, की गेम सामना लोड होताना कोसळू शकतो. तेव्हा चूक कुठे झाली ते शोधणं महाकठीण, म्हणून एक बदल, एक चाचणी. चाचणी नव्या करिअरमध्ये घ्या. चालू करिअरमध्ये बऱ्याचदा जुनीच माहिती सेव्ह झालेली असते.

सगळंच बिघडलं तर स्टीमवर गेमच्या फाइल्सची पडताळणी करा, मूळ फाइल परत येईल. त्याआधी तुमची बदललेली प्रत बाहेर काढून ठेवा, ती पुसली जाईल. ऑनलाइन खेळायला बसण्यापूर्वीही हीच पडताळणी करा. बदललेली फाइल अँटी-चीटला (फसवेगिरी पकडणाऱ्या प्रोग्रामला) सापडली तर खातं कायमचं बंद होऊ शकतं.