व्यायामाचा रतीब: खाडे पडले तरी व्यायाम सुटू नये म्हणून काय करावे

स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची दिनदर्शिका आठवा. तिच्या चौकटींत दुधाचे आणि पेपरचे खाडे लिहिलेले असतात. दूधवाला दोन दिवस आला नाही म्हणून कोणी रतीब बंद करत नाही. महिनाअखेरीस खाडे मोजायचे, तेवढे पैसे वळते करायचे आणि रतीब चालू ठेवायचा. व्यायामाचा हिशेब मात्र आपण वेगळाच ठेवतो. चार दिवस बुडाले की "आता मोडलंच" म्हणतो आणि पाचव्या दिवसापासून बूट कपाटात जातात. यात दोष इच्छाशक्तीचा असतोच असे नाही. खाडा पडला तर पुढे काय, हे आधी ठरलेले नसते. म्हणून खाली दिलेली सगळी आखणी खाडे पडणारच, असे धरून केली आहे.

आधी एवढे तपासा

चालताना छातीत जड वाटते, चक्कर येते, हृदयाचा आजार आहे किंवा रक्तदाब आटोक्यात नाही, अशांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. गरोदरपणात, हर्निया असेल, मणक्याची गादी सरकलेली असेल किंवा अलीकडेच शस्त्रक्रिया झाली असेल, तर सूर्यनमस्कारांबद्दल वेगळे विचारावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर फिरायला जाताना खिशात साखर किंवा ग्लुकोज हवेच.

पायरी १: दोन मापे ठरवा

एक पूर्ण माप, चांगल्या दिवसासाठी. दुसरे किमान माप, वाईट दिवसासाठी. किमान माप इतके लहान हवे की पाहुणे आले, झोप झाली नाही, ऑफिसातून यायला नऊ वाजले, तरी ते होईल: १० मिनिटे चालणे किंवा ३ सूर्यनमस्कार. किमान माप झाले की तो दिवस भरला. त्याला "आज काही झालंच नाही" म्हणू नका आणि उद्या दुप्पट करून भरपाईही करू नका. भरपाईच्या नादातच अंग आखडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. हा आकडा मुक्कामाचा आहे, पहिल्या दिवसाचा नव्हे. पहिले दोन आठवडे आठवड्यातून पाच दिवस १० मिनिटे चाला. तिसऱ्या आठवड्यात १५ मिनिटे, मग दर आठवड्याला ५ मिनिटे वाढवा. सहाव्या आठवड्यात ३० मिनिटे होतात आणि १५० चा हिशेब जुळतो. ही ३० मिनिटे सकाळी १० आणि रात्री २० अशी तोडली तरी चालतात.

सुरुवातीला सगळ्यात जास्त घात होतो तो उत्साहाने. पहिल्याच दिवशी पंचवीस नमस्कार घातले जातात, त्या दिवशी काहीच दुखत नाही. सवय नसलेल्या स्नायूंचे दुखणे २४ ते ७२ तासांनी शिखराला पोहोचते, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलू लागतात आणि व्यायाम तिथेच थांबतो. दोन्ही मांड्यांत, दोन्ही दंडांत सारखी ठणक असेल तर काळजी नको. त्या दिवशी किमान मापाएवढे सावकाश चाला, अंग मोकळे होते. एकाच सांध्यात कळ येत असेल, सूज असेल, तर मात्र थांबा. आणि छातीत आवळल्यासारखे वाटले, जबड्यात किंवा हातात दुखू लागले, दरदरून घाम फुटला, तर तिथेच बसून मदत मागा. "जरा वेळ बघू" म्हणू नका.

पायरी २: आधीपासूनच्या सवयीला गाठ मारा

"सकाळी वेळ मिळाला की जाईन" ही वेळ नव्हे. वेळ अशी हवी: "चहाचा कप विसळून ठेवला की बूट घालायचे." "मुलाला शाळेच्या बसमध्ये बसवले की घरी न परतता तिथूनच एक फेरी." जी गोष्ट रोज होतेच, तिच्या मागोमाग व्यायाम जोडायचा. नळाला पाणी सहाला येत असेल, साडेसहाला डबा असेल, तर सकाळचा हट्ट सोडा. संध्याकाळी केलेला व्यायामही अंगी लागतोच.

आपल्याकडे अशी एक गाठ आधीच मारलेली आहे: शतपावली. शंभर पावले जेमतेम मिनिटभरात संपतात, तेवढ्याने व्यायाम होत नाही. पण जेवण झाले की उठायचे, ही सवय मोलाची आहे. तीच लांबवून १० ते १५ मिनिटांची करा. जेवणानंतर हलके चालल्याने रक्तातली साखर कमी चढते, त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी तर ही फेरी चुकवू नये.

बूट आणि मोजे रात्रीच दाराशी काढून ठेवा. सकाळी मोज्याचा जोड शोधण्यात पाच मिनिटे गेली की पाय पुन्हा अंथरुणाकडे वळतात.

पायरी ३: वेग कानाने तपासा

चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. हा मध्यम श्रम. गाणे म्हणता येत असेल तर पाय उचला. वाक्य तुटत असेल तर वेग उतरवा. एकटे असाल तर १५ सेकंद पावले मोजा, २५ च्या आसपास भरली म्हणजे मिनिटाला १०० पावले झाली. बहुतेकांसाठी एवढा वेग पुरेसा ठरतो.

दिवसाला दहा हजार पावलांचा आकडा डोक्यात बसला असेल तर तो कुठून आला हेही माहीत असू द्या. १९६५ मध्ये जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विकायला आले, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचे मापक' असा होता. आकडा जाहिरातीतून आला, वैद्यकातून नव्हे. त्याहून कमी पावलांनीही फायदा होतो. आठवडाभर मोबाइलमध्ये स्वतःची रोजची सरासरी बघा आणि तिच्यावर हजार चढवा. चार हजार चालणाऱ्याने पाच हजार गाठले, तर ती खरी वाढ.

पायरी ४: दोन दिवस ताकदीचे ठेवा, सूर्यनमस्कार नीट घाला

औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कार संस्थानातल्या शाळांत नेले आणि आयुष्यभर त्यांचा प्रसार केला. चटईएवढी जागा पुरते, पाऊस आडवा येत नाही, पैसे लागत नाहीत. टिकवण्याच्या दृष्टीने याहून सोयीचा व्यायाम शोधून सापडणार नाही.

तीन नमस्कारांनी सुरू करा, दर आठवड्याला दोन वाढवत बारापर्यंत जा. सावकाश घातलेल्या एका नमस्काराला ३०-४० सेकंद लागतात, म्हणजे बारा नमस्कार सहा ते आठ मिनिटांत होतात. एका नमस्कारात उजवा पाय मागे, पुढच्यात डावा, हे विसरू नका.

चूक कुठे होते ते पाहा. हात थकले की साष्टांग स्थितीत कोपरे बाहेर फाकतात, पोट धपकन जमिनीवर येते, आणि मग भुजंगासनात वर येताना सगळा बाक कमरेच्या खालच्या भागात पडतो. दुसऱ्या दिवशी कंबर धरते, आणि दोष सूर्यनमस्कारांना दिला जातो. उतरताना आधी गुडघे टेका. मग कोपरे बरगड्यांना घासत छाती दोन तळहातांच्या मधे आणा, कपाळ टेकवा. कंबर जमिनीपासून किंचित वर असू द्या. टेकलेली अंगे मोजा: दोन पावले, दोन गुडघे, दोन हात, छाती आणि कपाळ, आठ झाली पाहिजेत. पोट नववे नको. भुजंगासनात कोपरे थोडी वाकलेली राहू द्या, खांदे कानांपासून लांब. हे साधेनासे झाले की त्या दिवसाचे नमस्कार संपले, मग आकडा सात असो की दहा.

सूर्यनमस्कारात सगळे ढकलणे आहे, ओढणे नाही. ती उणीव भरायला कापडी पिशवीत पाण्याच्या एकेक लिटरच्या दोन-तीन बाटल्या घाला. एक हात खुर्चीवर टेकून कमरेतून पुढे वाका, पाठ सरळ ठेवा आणि दुसऱ्या हाताने पिशवी बरगडीपर्यंत ओढा. दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा. ज्यांना खाली बसवत नाही त्यांनी नमस्कारांऐवजी खुर्चीवरून हात न लावता आठ-दहा वेळा उठबस करावी आणि भिंतीला हात टेकून तेवढेच जोर काढावेत.

पायरी ५: आवडेल असे काहीतरी त्यात घाला

जे नकोसे वाटते ते फार दिवस होत नाही. एखादे नाट्यसंगीत, कीर्तन, कादंबरीचे श्राव्य पुस्तक फक्त चालतानाच ऐकायचे असा नेम करा. पुढचा भाग ऐकायचा तर बूट घालावे लागतील. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हीच युक्ती तपासली गेली आणि तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. गुंतवून ठेवणारी श्राव्य पुस्तके जिममध्येच ऐकायला मिळतील अशी सोय केल्यावर लोकांचे जिमला जाणे सुरुवातीला चांगलेच वाढले. पण नोव्हेंबरची सणाची सुटी आली आणि परिणाम ओसरला. आपल्याकडे हेच दिवाळीत होते. सुटी संपताच नवी गोष्ट ऐकायला घ्या, जुन्याच भागाने पुन्हा ओढ लागत नाही.

रहदारीच्या रस्त्यावर एका कानातच ऐका.

सोबत असेल तर अंथरूण सोडणे सोपे जाते, कारण कोपऱ्यावर कोणीतरी उभे असते. पण सोबती गावाला गेला की आपलाही खाडा पडतो. म्हणून आठवड्यातला एक दिवस ठरवून एकट्याने जा. रविवारी वाट बदला. पुणेकरांना पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेत, वेताळ टेकडी आहे. मुंबईत शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती फेऱ्या मारता येतात. कोल्हापुरात रंकाळा, ठाण्यात तलावपाळी. चालण्याचाच कंटाळा आला असेल तर बॅडमिंटन खेळा, पोहायला जा, लेझीम शिका. व्यायामाचा प्रकार बदलणे म्हणजे व्यायाम सोडणे नव्हे.

उरलेल्या दिवसाकडेही लक्ष द्या. भाजी पायी जाऊन आणा, फोनवर उभ्याने बोला, एक थांबा आधी उतरा. तिसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्ट नको. गुडघे दुखत असतील तर जिना चढा आणि उतरायला लिफ्ट घ्या, कारण उतरताना गुडघ्यांवर भार जास्त येतो.

पायरी ६: दिनदर्शिकेत खाडे लिहा

ॲपपेक्षा भिंतीवरची दिनदर्शिका बरी, ती घरातल्या सगळ्यांना दिसते. केलेल्या दिवशी चौकटीत मिनिटे लिहा: १०, २५, ३०. बुडालेल्या दिवशी 'खा' लिहा आणि शेजारी एका शब्दात कारण: पाहुणे, पाऊस, कंटाळा. नियम एकच, दोन खाडे लागोपाठ पडू द्यायचे नाहीत. काल बुडाले असेल तर आज किमान माप तरी.

महिनाअखेरीस खाडे मोजा आणि ते कुठे साचले ते पाहा. दर सोमवारी 'खा' दिसत असेल तर सोमवार तुमच्या व्यायामाचा वार नाही, त्या दिवशी उघडपणे सुटी घ्या. 'उशीर' हा शब्द सहा वेळा आला असेल तर पायरी २ मधली गाठ बदला.

वजन रोज करू नका. पाणी आणि मीठ यांमुळेच ते दिवसागणिक किलोभर खालीवर होते आणि उगाच हिरमोड होतो. त्यापेक्षा महिन्यातून एकदा ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठबस होते ते मोजून लिहा. हा आकडा वजनाच्या आधी हलतो.

सवय किती दिवसांत जडते? "एकवीस दिवस" हे ऐकीव आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात मध्य ६६ दिवसांचा निघाला, पण व्यक्तीगणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यावर फारसा फरक पडला नाही, हेही त्यातच दिसले.

पायरी ७: ठरलेले खाडे आधीच ओळखा

पावसाळ्यासाठी मे महिन्यातच पर्यायी जागा बघून ठेवा: इमारतीचे पार्किंग, जिना, गच्चीखालचा पॅसेज. टेकडीवर शेवाळ धरले की तिकडे जाऊ नका, त्या दिवशी घरात नमस्कार. भिजलेल्या बुटांतल्या गाद्या काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ते ओले झाले की बदला. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत किंवा सूर्य मावळल्यावरच चाला. गणपतीचे दहा दिवस, दिवाळी, घरचे लग्न, या काळात पूर्ण माप अपेक्षितच धरू नका. किमान मापावर या, आणि पूर्ण माप परत कोणत्या तारखेला सुरू होणार ते त्या चौकटीत आधीच लिहा.

तापात व्यायाम नको. ताप उतरून अंगात त्राण आले की निम्म्या मापाने सुरू करा. डेंग्यू, चिकनगुनियानंतर डॉक्टरांना विचारून.

लांब खंड पडला तर परत येण्याचे ढोबळ गणित असे. आठवड्याभराचा खंड असेल तर होते तिथूनच पुढे. दोन-तीन आठवड्यांचा असेल तर वेळ आणि नमस्कार दोन्ही निम्मे, आणि पुढच्या दोन आठवड्यांत हळूहळू पूर्ववत. त्याहून मोठा असेल तर पहिल्या आठवड्यापासून, १० मिनिटांनी. पूर्वी कमावलेली ताकद शरीर पहिल्या वेळेपेक्षा लवकर परत मिळवते, त्यामुळे दुसऱ्यांदा सहा आठवडे लागतीलच असे नाही. पहिल्या दिवशी वेग जुना ठेवू नका. खंड पडला हे गुडघ्यांच्या लक्षात असते, डोक्याच्या नसते.