थरारपटाच्या सेटवर कंटिन्युइटी सांभाळताना

मोठ्या खर्चाच्या हिंदी थरारपटात सहायक दिग्दर्शक म्हणून रुजू होणाऱ्यांना पाठलाग आणि स्फोटांचे आकर्षण असते. प्रत्यक्षात मात्र सुरुवातीला बहुधा क्लॅप देण्याचे किंवा कंटिन्युइटीच्या, म्हणजे एका शॉटमधले तपशील दुसऱ्याशी जुळत राहावेत यासाठीच्या, नोंदी ठेवण्याचे काम वाट्याला येते. हे दुसरे काम मी बरीच वर्षे केले आहे. थरारपटात ते विशेष जोखमीचे ठरते, कारण इथला प्रेक्षक पडद्यावर पुरावेच शोधत बसलेला असतो आणि भिंतीवरचे घड्याळ दहा मिनिटे मागे गेलेले दिसले, तर त्यालाही तो गुन्ह्याचा धागा समजतो.

चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. गोरेगावच्या चित्रनगरीत सेट उभा राहिला की खर्च दिवसागणिक वाढत जातो, म्हणून त्या सेटवरचे सगळे प्रसंग, मग ते पटकथेत आरंभीचे असोत वा शेवटचे, सलग उरकले जातात. परिणामी नायकाच्या कपाळावरची जखम सकाळी खपली धरलेली असते आणि दुपारी ताजी होते. तिच्या प्रत्येक अवस्थेचे छायाचित्र प्रसंग क्रमांकासह आपल्याकडे हवेच. शिवाय वेशभूषा विभागाकडे एकाच शर्टाचे कोरडे, फाटलेले, रक्ताळलेले असे अनेक संच असतात आणि त्यातला कोणता काढायचा, हेही आपल्यालाच विचारले जाते.

रात्रीच्या पाठलागापूर्वी टँकरने रस्ता भिजवतात, कारण कोरडे डांबर काळेठिक्कर दिसते आणि ओल्या रस्त्यावर दिव्यांची प्रतिबिंबे उमटतात. टेक लांबले की रस्ता वाळू लागतो. पुन्हा पाणी मारायची आठवण वेळेवर करून द्यावी. पिस्तुलाचे प्रकरण याहून नाजूक आहे. स्टंटसाठी रबरी आणि जवळच्या शॉटसाठी खरी वाटणारी प्रतिकृती वापरतात, तर नळीतून निघणारी ज्वाला अनेकदा नंतर व्हीएफएक्समध्ये, म्हणजे संगणकावर, घातली जाते. साहजिकच नटाला निःशब्द पिस्तुलाचे धक्के अभिनयाने दाखवावे लागतात (तोंडाने ‘ठो’ म्हणण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही). अशा वेळी कोणत्या संवादानंतर, कोणत्या हाताने, किती गोळ्या झाडल्या, हे लिहून ठेवावे, कारण काही महिन्यांनी संकलक आणि ध्वनी विभाग त्याच नोंदी मागतात.

पटकथा हाती येताच प्रत्येक प्रसंगापुढे तो कथेतल्या कितव्या दिवशी, किती वाजता घडतो, हे पेन्सिलीने लिहावे. लेखकाने ते ठरवलेले नसेल, तर चित्रीकरण सुरू होण्याआधीच दिग्दर्शकाकडून ठरवून घ्यावे.