जिवंत पेशींवर लक्ष ठेवणारा विद्युत संवेदक कसा आखावा

पेशी न रंगवता, त्या वाढत असतानाच त्यांची हालचाल तासन्‌तास टिपायची असेल, तर त्यांना सोन्याच्या इलेक्ट्रोडवर वाढवून इम्पीडन्स (प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा) मोजण्याइतका सौम्य मार्ग मला दुसरा दिसत नाही. इव्हार गिएव्हर आणि चार्ल्स कीज यांनी १९८४ साली तो मांडला. पेशीचे आवरण वीज सहजी जाऊ देत नाही. त्यामुळे पेशी चिकटून पसरू लागली की प्रवाहाची वाट अडते आणि इम्पीडन्स चढतो.

आराखड्याचा खरा कस इलेक्ट्रोडच्या आकारात लागतो. २५० मायक्रोमीटर व्यासाचे सोन्याचे वर्तुळ घेतले, तर ४ किलोहर्ट्झला त्याच्या पृष्ठभागाचा इम्पीडन्स साधारण ५,००० ओहम, तर भोवतालच्या पोषकद्रवाचा रोध १,२०० ओहमच्या आसपास येतो. व्यास दहापट केला, की पृष्ठभागाचा आकडा क्षेत्रफळामुळे शंभरपटीने घटून ५० वर येतो, द्रवाचा मात्र दहापटीनेच घटून १२० उरतो, आणि पेशींमुळे होणारा फरक द्रवाच्या रोधात बुडून जातो. म्हणून मोजणीचा इलेक्ट्रोड लहान आणि प्रवाह परत नेणारा दुसरा इलेक्ट्रोड कित्येक पटींनी मोठा ठेवावा. मात्र मोजणीचा इलेक्ट्रोड एक-दोन पेशींपुरताच उरेल इतकाही लहान करू नये.

१ व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब १ मेगओहमच्या रोधकातून दिला, की प्रवाह सुमारे १ मायक्रोअँपिअरवर स्थिरावतो. इलेक्ट्रोडवर काही मिलिव्होल्टच पडतात आणि पेशींना इजा होत नाही.

वारंवारता एकच ठेवू नये. कमी वारंवारतेला प्रवाह पेशींच्या खालून आणि दोन पेशींमधल्या फटींतून वाट काढतो, त्यामुळे थराची घट्ट वीण तिथे कळते. काही दशक किलोहर्ट्झच्या पुढे तो आवरणातूनच पार होऊ लागतो, आणि इलेक्ट्रोडचा किती भाग झाकला गेला याचा अंदाज तिथे अधिक चांगला येतो.

तळाशी इलेक्ट्रोड असलेल्या कप्प्यांच्या प्रत्येक पट्टीवर पेशी नसलेला, नुसत्या पोषकद्रवाचा एक कप्पा राखावाच, असा माझा आग्रह आहे. एकदा थंड पट्टी तशीच दमट इन्क्युबेटरमध्ये जोडली आणि पहिल्या दोन तासांतच आलेख दातेरी झाला. पेशीच अस्वस्थ आहेत असे वाटले; पण रिकाम्या कप्प्याच्या रेषेवरही नेमके तेच दाते होते. जोडणीच्या पिनांवर पाण्याचे बारीक थेंब जमले होते. तेव्हापासून पट्टी आधी कोरड्या उबेत ३७ अंशांपर्यंत आणतो, पिना पुसतो, रिकाम्या कप्प्याची रेषा सपाट होईपर्यंत थांबतो, आणि मगच पेशी सोडतो.