पद्मिनी-ॲम्बेसेडरला ब्रेक बूस्टर बसवताय? या चुका टाळा

बूस्टर गाडीचे ब्रेक चांगले करत नाही. तो फक्त पायाचा जोर वाचवतो. चारही चाकांना ड्रम असलेल्या पद्मिनीला किंवा जुन्या ॲम्बेसेडरला बूस्टर लावला, तरी ड्रम तेवढेच, लायनर (ड्रमवर घासणारं अस्तर) तेवढेच आणि ड्रम तापल्यावर ब्रेक कमी लागणंही तेवढंच. उलट एका चाकाच्या लायनरवर ब्रेक ऑइल किंवा ग्रीस चढलं असेल, तर आधी जेमतेम जाणवणारी एका बाजूची ओढ आता स्टिअरिंग हिसकावते. म्हणून आधी बूस्टरशिवायचे ब्रेक ठणठणीत करा: चारही ड्रम उघडून पाहा, व्हील सिलिंडरची रबरं बदला, तिन्ही रबरी होज नवे घाला आणि शू (लायनर ज्यावर बसतो ते पत्रे) ॲडजस्ट करा. शू ढिले असले की पेडल खाली जातं आणि लोक उगीच तासन्‌तास ब्रेकच्या लाइनमधली हवा काढत बसतात.

इंजिन न पाहता बूस्टर विकत घेणं

व्हॅक्यूम बूस्टर चालतो तो इनटेक मॅनिफोल्डमधल्या (इंजिनला हवा पुरवणाऱ्या नळीतल्या) निर्वातावर, म्हणजे व्हॅक्यूमवर. धडधाकट पेट्रोल इंजिन समुद्रसपाटीला आयडलवर 17 ते 21 इंच पारा (निर्वात मोजायचं माप) दाखवतं. दर हजार फुटांना त्यातला साधारण एक इंच जातो, म्हणजे पुण्यात मुंबईपेक्षा सुमारे दोन इंच कमी आणि महाबळेश्वरला चार इंचांहून जास्त कमी. व्हॅक्यूम गेज लावून मोजा. 15 इंचही मिळत नसतील, तर आधी व्हॉल्व्ह, टायमिंग आणि गॅस्केट बघा.

18 इंचांवर 9 इंची बूस्टरचा आतला रबरी पडदा सुमारे 250 किलोचा जोर देतो, 7 इंची सुमारे 150. फक्त ड्रम असलेल्या हलक्या पद्मिनीला 7 इंची पुरतो. स्क्रॅप मार्केटमध्ये मोठा स्वस्तात मिळाला म्हणून तोच बसवला, तर ओल्या रस्त्यावर पाय नुसता टेकवला तरी चाकं जाम होतात.

डिझेल ॲम्बेसेडरच्या मॅनिफोल्डमध्ये कामापुरता निर्वात नसतोच. तिथे मागे व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर लागतो आणि त्या पंपाला इंजिन ऑइल जाण्याची व परत येण्याची, अशा दोन्ही लाइन द्याव्या लागतात.

पेडलचं गुणोत्तर तसंच ठेवणं

ही चूक सर्रास होते. पेडलच्या खिळीपासून (ज्या पिनभोवती पेडल फिरतं) पॅडच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, मग खिळीपासून पुशरॉडच्या (पेडलचा जोर पुढे नेणाऱ्या दांड्याच्या) पिनपर्यंतचं मोजा, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. बिनबूस्टरच्या गाडीत उत्तर सहाच्या आसपास येतं. बूस्टरला चार ते पाच हवं. 300 मिमीच्या पेडलवर पिन 50 मिमीवर असेल तर गुणोत्तर 6; ती 65 मिमीवर नेली की 4.6. पिन सरकली तेवढाच बूस्टरही सरकायला हवा, नाहीतर पुशरॉड तिरका बसतो आणि बूस्टरचं सील एका बाजूने घासतं.

पेडल फरशीतून वर येत असेल आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) खाली असेल, तर तिथे बूस्टर कोंबण्याच्या फंदात पडू नका. ब्रेकच्या लाइनमध्ये बसणारा रिमोट सर्वो घ्या. बसवताना त्याचं हवा काढायचं निपल सगळ्यात वर राहील असं बघा, नाहीतर आत अडकलेला बुडबुडा निघत नाही.

पातळ पत्र्यावर बसवणं

फायरवॉलचा (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीचा) पत्रा एवढा जोर सहन करण्यासाठी बनलेला नसतो. आतून 3 मिमीची पट्टी द्या. मग एकाला पेडल दाबायला सांगून बॉनेटखाली मास्टर सिलिंडरकडे बघा. तो एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे सरकत असेल, तर पत्रा लवतोय.

पुशरॉडची फट न मोजणं

बूस्टरमधून पुढे आलेला दांडा आणि मास्टरचा पिस्टन यांच्यामध्ये अर्धा ते एक मिलिमीटर फट हवी. दांडा लांब राहिला, तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ब्रेक ऑइलच्या टाकीकडे जाणारं बारीक भोक झाकलेलं राहतं. मग तापून फुगलेल्या ब्रेक ऑइलला परतीची वाट मिळत नाही. गाडी घरून निघते तेव्हा सगळं ठीक असतं. सात-आठ किलोमीटरनंतर ड्रममधून वास येऊ लागतो आणि गाडी पुढे ढकलली जात नाही. दांडा आखूड राहिला, तर पेडल नुसतंच खोल जातं.

मोजायला मुलांची क्ले चालते. पिस्टनच्या खड्ड्यात क्लेची छोटी गोळी ठेवून मास्टर आवळा, पुन्हा काढा आणि चेपलेल्या क्लेची जाडी व्हर्नियरने मोजा. इंजिन चालू असताना बूस्टरचं कवच किंचित आत दबतं, त्यामुळे फट अगदी काठावर ठेवू नका. क्लेचा कण न कण काढल्याशिवाय मास्टर शेवटचा आवळायचा नाही.

चाक धरून राहत असेल तर शोध या क्रमाने घ्या. गाडी घोडीवर (स्टँडवर) घ्या आणि मास्टरचे नट 2-3 मिमी ढिले करा. चाक सुटलं तर दांडा लांब आहे. नाही सुटलं, तर त्या चाकाचं निपल उघडा. ऑइल चिळकांडी मारून चाक मोकळं झालं, तर दाब लाइनमध्ये अडकलाय: बहुधा होज आतून फुगलेला असतो, किंवा ड्रमच्या मास्टरमधला रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा) तसाच ठेवून पुढे डिस्क बसवलेली असते. तरीही मोकळं झालं नाही, तर दोष शू, स्प्रिंग किंवा हँडब्रेकच्या केबलचा.

चुकीचे आटे, चुकीची नळी

ब्रेकच्या नळीच्या 10 मिमीच्या नटाला 1.0 आणि 1.25 असे दोन पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) मिळतात. शिवाय ब्रिटिश वळणाच्या ॲम्बेसेडरमध्ये इंची आटे असतात. 3/8 इंची 24 आट्यांचा नट 10 बाय 1.0 च्या भोकात ढिला का होईना, पण जातो. तेवढ्यावर समाधान मानलं तर जोराने ब्रेक दाबताच आटे निघतात. थ्रेड गेज लावल्याशिवाय पान्हा हातात घेऊ नका. एसीची तांब्याची नळी ब्रेकला कधीही वापरायची नाही. स्टीलची किंवा तांबे-निकेलची घ्या आणि टोक डबल फ्लेअर करा (दुहेरी दुमडून पसरवा).

एकेरीऐवजी टँडम मास्टर (दोन स्वतंत्र लाइनना दाब देणारा) घेत असाल तर उत्तम. पण त्याची दोन्ही तोंडं टी लावून जुन्या एका नळीला जोडणारे महाभाग आहेत. असं केलं, तर एक नळी फुटताच चारही चाकांचे ब्रेक जातात.

निर्वाताचा होज व्हॅक्यूमसाठीचा, 10-12 मिमी आतल्या मापाचा हवा. पेट्रोलचा साधा होज चपटा होतो. निर्वाताचा होज मॅनिफोल्डवरूनच घ्या, डिस्ट्रिब्युटरच्या बारीक तोंडावरून नाही. चेक व्हॉल्व्हवरचा (हवा एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हवरचा) बाण इंजिनकडे.

बसवल्यावर

हवा काढताना इंजिन बंद ठेवा आणि पेडल चार-पाच वेळा दाबून बूस्टर रिकामा करा. क्रम: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. आता पेडलवर पाय ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर चालतोय. पेडल दाबल्यावर आयडल डगमगत असेल, तर पडदा फाटलाय किंवा जोड गळतोय. टाकीतलं ब्रेक ऑइल कमी होतंय, खाली थेंब नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, असं दिसलं तर मास्टरचं मागचं सील गेलंय आणि इंजिन ब्रेक ऑइल ओढतंय. होज काढून बूस्टरमध्ये कापडाची पट्टी घाला. ओली निघाली की मास्टर आणि बूस्टर दोन्ही उतरवायचे.

पेट्रोल वाचवायला घाट उतरताना इंजिन बंद करण्याची खोड अजूनही काही जणांना आहे. बूस्टरमध्ये साठलेला निर्वात दोन-तीन दाबांत संपतो. त्यानंतर पेडल दगडासारखं कडक होतं, आणि गुणोत्तर कमी केलेलं असल्यामुळे जुन्या पेडलपेक्षाही जास्त जोर मागतं.